विठ्ठलरावांचा कान

पुसदमध्ये जुनी मोटारसायकल घ्यायची असेल तर व्यवहार पक्का करायच्या आधी ती आमच्या गॅरेजवर आणायची, अशी पंचवीस वर्षांची रीत आहे. मुलगी बघायला जाताना घरातला एक जाणता सोबत नेतात, तसे लोक गाडी घेताना माझ्या वडिलांना, विठ्ठलरावांना, मध्ये घालत. बाबा चालू इंजिनावर पेचकसाचं टोक टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि मिनिटभराने 'घे' नाहीतर 'घेऊ नको' एवढंच सांगायचे. त्यावर कोणी वाद घालत नसे. उमरखेड, ढाणकीपासून माणसं यायची. जावयाला द्यायची गाडी बाबांनी नापास केली म्हणून एका सासऱ्याने लग्नाची तारीख पुढे ढकलली होती, आणि बाबा ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगत.

आता खरं ऐका. तो कान सहा वर्षांपूर्वीच गेला. आयुष्यभर फुटक्या सायलेन्सरांशेजारी बसल्यावर दुसरं काय होणार? माणसाचं बोलणं त्यांना ऐकू येई, थोडं ओठांवरून कळे, भांडण तर फारच छान ऐकू येई. पण इंजिनातली बारीक टकटक, जिच्यासाठी लोक तीस-चाळीस किलोमीटर तुडवत यायचे, ती त्यांच्यासाठी संपली होती. सहा वर्षं पुसदने ज्या कानावर भरवसा ठेवला तो माझा. मी अपेक्षा, त्यांची मुलगी, वय सव्वीस. लोकांच्या लेखी गॅरेजवर चहा देणारी आणि फडकी धुणारी.

आमची युक्ती बैलबाजारातली होती. माझे आजोबा बैलांच्या बाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. बाबांनी तेच उचललं. गाडी आली की मी खाली बसून इंजिनावरची माती पेचकसाने खरवडायची. लोकांना वाटे, पोरगी साफसफाई करते आहे. पेचकस कानाला लावायची मला गरज नव्हती. लोखंडातून आवाज अंगठ्यात यायचा आणि उरलेलं उघड्या कानाला कळायचं. मग मी पेचकस बाबांच्या हातात द्यायची, वर तेलकट फडकं, आणि फडक्याखाली त्यांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे टॅपेट, दोन म्हणजे टायमिंग चेन, तीन म्हणजे पिस्टन आणि रिंगा, चार म्हणजे खालचा क्रँक, म्हणजे गाडीचं मरण. गाडी चांगली असेल तर नुसती मूठ. मग बाबा डोळे मिटून त्यांचं नाटक करायचे. नाटक उत्तम करायचे, हे मी नाकारत नाही.

ठोकणारं इंजिन तर कोणालाही कळतं. खरी कला त्याच्या आधीची असते. गाडी आली की मी पहिल्यांदा सायलेन्सरला हात लावायची. तो कोमट असला तर विकणाऱ्याने मुद्दाम इंजिन तापवून आणलंय, कारण थंड इंजिन पहिल्या पाच सेकंदांत सगळं ओकतं. धूर बघायची. चालू करताना निळी झाक येऊन विरली तर वरचे सील गेले, रेस केल्यावर निळा धूर टिकला तर रिंगा. किक हाताने दाबून बघायची, ती किती जोर परत करते ते. आणि मग सगळ्यात अवघड. रेस वाढवून एकदम सोडायची. इंजिनाचा दम उतरत असताना अगदी खालून एखादा 'धप' येतो का, ते ऐकायचं. क्रँकची झीज सुरू होते तेव्हा तो दहात एकदा येतो, तोही उशीवर बुक्की मारावी एवढाच. तो मला ऐकू यायचा. त्या एका 'धप'वरून गाडी किती महिने जगेल हे मी सांगायची, आणि सहा वर्षांत एकदाही चुकले नाही. या गोष्टीचा मला गर्व होता. अजून काय होतं माझ्याकडे?

मला ते गॅरेज हवं होतं. त्याहीपेक्षा मला हवं होतं की बाबांनी चार माणसांसमोर एकदा म्हणावं, कान पोरीचा आहे. एवढ्या एका वाक्यासाठी मी सहा वर्षं फडकी धुतली. या काळात मला तीन स्थळं आली. नेरचा एक शिक्षक तर दोनदा येऊन गेला, चांगला माणूस होता. बाबांनी तिघांनाही काही ना काही खोट काढून परत पाठवलं. मी सासरी गेले असते तर ते दुसऱ्या दिवशी बहिरे ठरले असते. लोक म्हणायचे, विठ्ठलरावांचा पोरीवर फार जीव, सोडवत नाही त्यांना. हे ऐकून माझी आई, इंदूबाई, पदराने डोळे पुसायची आणि मला तिच्या डोक्यात पाना घालावासा वाटे.

माझा भाऊ अक्षय माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याला बाबांनी दोन वर्षं शेजारी बसवून ऐकायला शिकवलं, म्हणजे मी शिकवलं आणि बाबांनी शिव्या दिल्या. त्याला टॅपेट आणि चेन यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही. त्याच्या कानात दिवसभर मोबाईलच्या गोळ्या खुपसलेल्या असत. हा आयत्या बिळावरचा नागोबा फणासुद्धा नीट काढत नसे.

मागच्या दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली आणि बाबांनी नवी पाटी आणली. लाल रंगावर पांढरी अक्षरं, 'अक्षय ऑटो गॅरेज'. मी हळदी-कुंकवाचं ताट हातात धरून उभी होते. मी विचारलं, माझं काय? तेव्हा शेजारचे दुकानदार, दोन गिऱ्हाइकं, आई, सगळे तिथेच होते. बाबांनी पाटी भिंतीला लावून सरळ आहे का ते बघितलं आणि मग माझ्याकडे वळले.

"तुहं काय? पोरीचं नाव पाटीवर टाकून लोकायले हसू देऊ काय? तू हायेस ना इथंच. चहा आण."

लोक हसले. फार नाही, जेवढं हसायला हवं होतं तेवढंच. अक्षयही हसला. मी चहा आणला, सगळ्यांना दिला आणि कप धुता धुता ठरवून टाकलं की पुढची जी पहिली खराब गाडी येईल तिला मी मूठ देणार. बाबा भर बाजारात तिला पास करतील, महिन्या-दोन महिन्यांत ती ठोकायला लागेल आणि घेणारा माणूस शिव्या देत परत येईल. तसं दोन-तीनदा झालं की कान कुणाचा हे त्यांना आपल्या तोंडाने सांगावं लागेल. घेणाऱ्याचं नुकसान होईल हे मला कळत होतं. मला ते चालणार होतं.

आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, ती गाडी आली. पंधरा वर्षं जुनी, टाकीला नवा काळा रंग मारलेली. विकणारा कपिल, जुन्या गाड्यांचा एजंट, बोलायला गुळासारखा. घेणारा पूनमसिंग, ढाणकीच्या वाटेवरच्या एका तांड्यातला, कालव्याच्या कडेला दोन एकर भाजीपाला करणारा. सोबत त्याची बायको धुरपताबाई. ती वांगी-टमाट्यांची गाठोडी घेऊन गावोगावच्या बाजारांत बसायची आणि आतापर्यंत काळीपिवळी जीपच्या टपावर माल टाकून, आत चेंगरून जायची. गाडी तिच्यासाठी होती, पूनमसिंगने आल्या आल्या सांगितलं. बायकोला बाजाराला पोचवायची, संध्याकाळी आणायची. पन्नाशीचा माणूस, हे सांगताना लाजला.

मी सायलेन्सरला हात लावला. कोमट. कपिल म्हणाला की रस्त्यानेच चालवत आणली, तर तापणारच. मी माती खरवडायला बसले. वरचं टॅपेट ठीक. चेन ठीक. धूर नाही. इंजिन इतकं गुळगुळीत चालत होतं की दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. मी अक्षयला रेस वाढवून सोडायला खुणावलं. एकदा, दोनदा, पाचदा, काही नाही. सहाव्यांदा दम उतरताना अगदी खालून आला. धप. पुन्हा बाराव्या वेळी. सुरुवातीची झीज, मी मनात म्हटलं, तीन महिने तरी बिनधास्त जाईल, चौथ्यात ठोकेल. माझ्या कामाला याहून बरी गाडी मिळणार नव्हती.

दरम्यान बाबांनी तेलाचं झाकण उघडून आत बोट बुडवलं. हे ते नेहमीच करत, लोकांना बघायला आवडतं म्हणून. तेल अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळलं, जरा जास्त वेळ चोळलं, मग बोट फडक्याला पुसून हात पुढे केला. मी पेचकस दिला, वर फडकं टाकलं आणि त्यांच्या तळहातात माझी मूठ दाबली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली केली नाही. मग त्यांनी पेचकस कानामागे लावला, डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "घे पूनमसिंग. पाच वर्षं इंजिनाले हात लावाची गरज नाही."

भोवती दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

व्यवहार आत टेबलाशी चालला होता तेव्हा धुरपताबाई माझ्याजवळ येऊन पायरीवर बसली. पिशवीतून दोन सीताफळं काढून तिने माझ्या मांडीवर ठेवली, पिकून डोळे फाकलेली. म्हणाली, खा, तांड्याच्या झाडाची आहेत. मग माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघून तिने आवाज खाली आणला.

"माहा बाप बैलायचा यापारी होता, छोरी. कपड्याखालचं मले दिसते. कान तुहा हाये ना?"

सहा वर्षांत हे पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं. तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि सांगितलं की ती कोणाला बोलणार नाही, बापाचं नाव राखतेस ते चांगलंच करतेस. फक्त नवऱ्याला हळूच सांगून टाकलंय, म्हणाली, बुढ्याचं सोड, पोरीनं मूठ दिली आहे, डोळे झाकून घे.

आतमध्ये पूनमसिंग अजून कागदावर सही करत होता. मला उठून दोन पावलं जायचं होतं आणि 'थांबा' म्हणायचं होतं. एवढंच. जिने मला ओळखलं तीच बाई माझ्यासमोर बसली होती, आणि मी विचार करत होते की आता थांबवलं तर बाबांची फजिती होणार नाही, माझीच होईल. लोक म्हणतील, पोरीचं डोकं फिरलं. मी सीताफळ फोडलं आणि खाल्लं. गोड होतं.

कागद झाल्यावर पूनमसिंगने चाकापुढे नारळ फोडला. धुरपताबाईने कुंकवाची पुडी माझ्या हातात दिली आणि टाकीवर बोट मीच ओढावं असा हट्ट धरला. मी ओढलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी दुपारी अक्षयच्या मोबाईलवर कपिलचा फोन आला. ढाणकीच्या अलीकडे उतार आहे, तिथे भरल्या गाडीचं इंजिन चालता चालता जाम झालं. मागचं चाक एकदम अडकलं, पूनमसिंगला क्लच दाबायलाही वेळ मिळाला नाही. तो डाव्या बाजूला खडीत पडला, खरचटलं फक्त. धुरपताबाई उजवीकडे, रस्त्यावर पडली. मागून मालाचा टेम्पो येत होता. तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच दिवशी तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

चौथ्या दिवशी मोडलेली गाडी पिकअपमध्ये घालून आमच्याकडेच आली. दुसरीकडे कुठे जाणार? पुसदमध्ये शेवटचा शब्द आमचा. अक्षय हात लावायला तयार नव्हता. मी शटर अर्धं ओढून इंजिन उघडलं. खालचा नट काढला तर तेल पडेना. लोंबत राहिलं, मधासारखं. मी बोटाने चोळलं आणि ओळखलं. ते गिअरच्या डब्यात घालायचं जाड तेल होतं. विकणाऱ्यांची ही जुनी लबाडी आहे. झिजलेल्या इंजिनात जाड तेल ओतलं की आवाज दबतो, चार-आठ दिवस इंजिन गुण्यागोविंदाने चालतं, आणि तेच तेल वर चढत नाही म्हणून आतला भाग कोरडा पडून आणखी झपाट्याने मरतो. क्रँकवरच्या बेअरिंगचा चुरा झाला होता, त्या तेलात चांदीसारखा चमकत होता. इंजिनाचा दम उतरताना मी जे ऐकलं होतं ते झिजेचं पहिलं पाऊल नव्हतंच. ते शेवटचं होतं आणि त्याच्या तोंडावर उशी दाबलेली होती. माझा कान चुकला होता. तीन महिने म्हणे!

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाकून तेलात बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं, तेव्हा चोळलं होतं तसंच. मग मला सगळं समजलं आणि मी उठून उभी राहिले.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं.

"गिअरचं तेल हाये. कान गेला माहा, बोटं नाही गेले."

"मंग बोलले काहून नाही?"

त्यांनी फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसलं. रागावलेले नव्हते. मला वाटतं, इतक्या वर्षांत ते माझ्याशी एवढ्या शांतपणे कधीच बोलले नव्हते.

"तू मूठ देल्ली. म्या म्हटलं पाहू, पोट्टी कुठलोक जाते. तुले वाटलं, बुढ्ढा फसन. पाटी लावली त्या दिवसापासून मले तुह्या डोळ्यात दिसून राह्यलं होतं." त्यांनी फडकं बाकावर टाकलं. "आता जा. सांग लोकायले, का कान माहा होता म्हणून. म्या अडवत नाही. कान तुहा, तं त्या बाईचा पायही तुहा."

मी त्यांना म्हटलं, पाय तुमचाही आहे. तुम्हाला कळलं होतं, तुम्ही 'घेऊ नको' म्हणू शकला असता. ते म्हणाले, बरोबर आहे, पण त्यांचं कोणी काही विचारणार नाही. म्हातारा माणूस, पंचवीस वर्षांत एकदा चुकला, कपिलने जाड तेल घालून फसवलं, लोक उलट हळहळतील. आणि खरोखर तसंच झालं. दोन दिवसांत बाजारातल्या पोरांनी कपिलला गाठून मारलं, त्याचे दोन दात पाडले, आणि बाबांना भेटायला माणसं येऊ लागली, कोणाच्या घरी मयत झाल्यासारखी. बाबा त्यांना म्हणत, माझ्या कानाने घात केला. म्हणताना त्यांचे डोळे भरून येत. मी चहा देत होते.

पुढच्या सोमवारी ते मला म्हणाले, चल, यवतमाळला जाऊन येऊ, गेलं पाहिजे, लोक बघतात. सकाळच्या बसने निघालो. वाटेत त्यांनी डझनभर केळी घेतली आणि माझ्याकडे धरायला दिली. मी खिडकीतून बाहेर बघत होते, कापूस फुटून शेतं पांढरी झाली होती. मनात एकच चाललं होतं की बाई झोपलेली असू दे.

पूनमसिंग वॉर्डाच्या दारातच भेटला. कोपरापासून मनगटापर्यंत खपली धरलेली. बाबांना बघितल्याबरोबर तो वाकून त्यांच्या पायाला हात लावू लागला. म्हणाला, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब, चूक माझीच, वांग्यांची दोन पोती जास्तीची टाकली होती, गाडीला झेपलं नाही. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, नाही रे बाबा, चूक तुझी नाही. त्यांनी पूनमसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"वजन जास्त झालं असन," ते म्हणाले. "पुढं ध्यान ठेव."

पूनमसिंगने मान डोलावली. मला त्या क्षणी दोघांचीही किळस आली, एकाच्या नीचपणाची आणि दुसऱ्याच्या भोळेपणाची. स्वतःची किळस मी बसमध्येच उरकून घेतली होती.

धुरपताबाई जागी होती. अर्धी झाली होती. पांघरुणाखाली एका बाजूला पाय होता आणि दुसऱ्या बाजूला पांघरूण एकदम खाटेला टेकलं होतं. तिने मला बघून हात पुढे केला आणि खाटेवर बसवून घेतलं. बाबा पायथ्याशी उभे राहिले. तिने पूनमसिंगला पाणी आणायला पाठवलं, मग माझी बोटं हातात घेतली. अजून काळीच होती, त्या इंजिनाच्या तेलाने. ती अगदी हळू बोलली, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. बाबा आमच्या ओठांकडे बघत होते.

"एक खरं सांगजो, छोरी. मी रागावत नाही. त्या दिवशी तुले काही आयकू आलतं का?"

घराबाहेर अख्ख्या जगात तीच एक बाई होती जिने ओळखलं होतं की कान माझा आहे. मला फक्त 'आलतं' म्हणायचं होतं. त्या एका शब्दात सगळं आलं असतं, तो कानही आणि तो पायही. मी बाबांकडे बघितलं. ते वाट बघत होते, आणि त्यांना उत्तर माहीत होतं.

"मले कुठं काय आयकू येते, मावशी," मी म्हटलं. "म्या तं चहा देते. आयकतात ते बाबाच."

मला वाटलं, आता ती थुंकेल, किंवा ओरडेल, आणि मला ते हवं होतं. तसं काही झालं नाही. तिने विश्वास ठेवला. तिच्या हातातली माझी बोटं सैल पडली, मग तिने ती सोडून दिली आणि छताकडे बघायला लागली.

"मंग मलेच भलतं दिसलं," ती म्हणाली. "हे घ्याले तयार नव्हते. टाकीचा रंग नवा हाये म्हणून मनात खोट आलती यायच्या. म्याच म्हटलं, पोरीनं हात देल्ला, घ्या. म्याच घ्याले लावली." तिचे डोळे कोरडेच होते. "माही चूक झाली, नाही का व?"

पूनमसिंग पाण्याची बाटली घेऊन परत येत होता. बाबांनी माझ्या हातातली केळी काढून खाटेवर ठेवली. ती अजून माझ्या उत्तराची वाट बघत होती, म्हणून मी तिचं पांघरूण जरा वर ओढलं आणि तिला समजावलं.

"होऊन जाते, मावशी," मी म्हटलं. "होते चूक एखाद्या वेळी."